‘सेट -ई’वर निर्धास्त राहू नका

‘स्क्रिप्टच्या डोक्यावर सेट -ई (कमांड फसली की स्क्रिप्ट तिथेच थांबवणारी सूचना) टाकलं की निवांत झोपा’ असा सल्ला दिला जातो. साध्या कमांडपुरतं बरोबर आहे, पण बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये पाइप (एका कमांडचं आउटपुट पुढच्या कमांडला देणारी जोडणी) असतोच आणि तिथे ते गप्प बसतं. अशा जोडलेल्या कमांडचा, म्हणजे पाइपलाइनचा, निकाल बॅश (स्क्रिप्ट चालवणारा शेल) शेवटच्या कमांडवरून ठरवतं. मायएसक्यूएलडंप (डेटाबेसची प्रत काढणारा प्रोग्राम) लॉगिनलाच आपटला तरी पुढच्या जीझिपला (डेटा दाबून लहान करणाऱ्याला) त्याचं काय? तो रिकामा इनपुटही इमानेइतबारे दाबून ठेवतो आणि वर शून्य, म्हणजे ‘यशस्वी’, परत करतो. हिंजवडीत एका क्लायंटकडे हे पाहिलंय: डेटाबेसचा पासवर्ड कोणीतरी बदललेला, तरी रोज रात्री तारखेसकट नवी फाइल, मेलमध्ये ‘बॅकअप सक्सेसफुल’, आणि प्रत्येक फाइल बरोब्बर 20 बाइटची. रिकाम्या इनपुटची जीझिप फाइल तेवढीच भरते. मेल सगळे वाचत होते, फाइलचा आकार कोणी बघत नव्हतं!

तेव्हा ‘सेट -ओ पाइपफेल’ (पाइपमधली कुठलीही कमांड फसली की सगळा पाइप फसला असं धरणारं) हवंच. मात्र पहिल्या ओळीत बॅशचं नाव स्पष्ट लिहा, उबुंटूवर 6.10 पासून ‘एसएच’ (साधा शेल) म्हणजे बॅश नव्हे तर डॅश, आणि जुन्या डॅशला पाइपफेल कळत नाही. शिवाय डंपची शेवटची ओळ तपासा. काम पूर्ण झालं तरच मायएसक्यूएलडंप तिथे ‘डंप कम्प्लीटेड’ अशी कॉमेंट लिहितो (कॉमेंट्स बंद केल्या नसतील तर). आणि फाइलच्या नावातली तारीख थेट क्रॉनटॅबमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनच्या यादीत) घालत असाल तर % च्या आधी बॅकस्लॅश द्या, नाहीतर क्रॉन तिथेच ओळ तोडतो.