बारा वर्षांपुढची घोडी घेणाऱ्यांना वेड्यात काढू नका

तापीकाठ
सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा उठली आणि इथल्याच एका सभासदाने नवख्यांना सल्ला दिला: “बारा वर्षांपुढची घोडी पैदाशीला घेणं म्हणजे पैसे तापीत सोडणं. घ्यायची तर तीन वर्षांची बछेरी, म्हणजे न व्यालेली तरुण घोडी, घ्या.” खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. गप्प बसवेना म्हणून लिहितोय.

बछेरी घेताना तुमच्या हातात काय पडतं? रंग, उंची, कान आणि व्यापाऱ्याचा शब्द. ती माजावर वेळेत येईल का, गाभ धरेल का, शिंगराला कासेला घेईल का, हे तिच्या मालकालाही ठाऊक नसतं. पहिलटकरीण शिंगराला लाथ घालते तेव्हा दोघांनी धरून चीक पाजावा लागतो. आणि तो पहिल्या काही तासांत पोटात गेला नाही तर पुढे शिंगरू वाचवणं अवघड.

दरसाल विणारी चौदा वर्षांची घोडी घ्या. तिची शिंगरं पंचक्रोशीत उभी असतात. जाऊन पाय बघा, चाल बघा, अंगावर हात ठेवून स्वभाव बघा.

वयाच्या आधी मागचं वेत विचारा. आयुष्यभर वरातीत नाचलेली आणि चौदाव्या वर्षापर्यंत एकदाही गाभण न राहिलेली घोडी मीही घेणार नाही. तिच्या गर्भाशयाचं तोंड नीट सैल होत नाही आणि घोडा दाखवल्यावर आत पाणी साचून राहतं. पण तिला आणि गेल्या साली व्यालेलीला एकाच मापाने मोजायचं हा कुठला न्याय?

अमेरिकेतला शर्यतीचा नामांकित घोडा सीक्रेटेरियट १९७० साली जन्मला तेव्हा त्याची आई समथिंगरॉयल अठरा वर्षांची होती. २००९ची इंग्लंडची डर्बी शर्यत मारणारा सी द स्टार्स झाला तेव्हा त्याची आई अर्बन सी सतरा वर्षांची होती. बारा वर्षांचा नियम लावला असता तर हे दोन्ही घोडे जन्मालाच आले नसते.

अकलूजकर
तो सल्ला माझा, तेव्हा उत्तरही मीच देतो. अर्बन सीचं पुढचं का गाळलं? २००९ सालीच, विसाव्या वर्षी, व्यायल्यानंतरच्या गुंतागुंतीत ती गेली. म्हाताऱ्या घोडीची गर्भाशयाची रक्तवाहिनी विताना फुटते आणि डोळ्यांदेखत तासा-दोन तासांत खेळ संपतो. हे नवख्याला कोण सांगणार?

माझ्या मोठ्या भावाने बाजारातून “सहा महिन्यांची गाभण” म्हणून घोडी आणली. व्यापाऱ्याने अकरा वर्षं सांगितली. घरी आणून ओठ वर केला तर वरच्या कडेच्या दातावरची खाच हिरडीपासून अर्ध्याच्या खाली उतरलेली. म्हणजे पंधरा पार. ती खाच दहाव्या वर्षाच्या सुमारास दिसायला लागते आणि विसाव्यापर्यंत दाताच्या टोकाला पोचते, हे बाजारात कोण बघतं? महिन्याभरात गाभडली. पुढचा सगळा उन्हाळा घोडा दाखवत राहिलो, एकदाही धरलं नाही. भावाने कडबा-हरभरा उधारीवर आणला होता. तेव्हा ‘पैसे तापीत’ हे मी हौसेने लिहिलेलं नाही.

तापीकाठ
भावाचं वाईट वाटलं. पण हा दोष घोडीच्या वयाचा की खोटं बोलून विकणाऱ्याचा? सोनोग्राफी न करता गाभण म्हणून सहा वर्षांची घेतली असती तरी फसलाच असता.

घोडेडॉक्टर
दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे, आणि दोघांनाही ते आवडणार नाही.

घोडीची गाभ धरण्याची ताकद साधारण तेरा-पंधरापासून उतरते. अठरानंतर आणखी एक दुखणं: गाभ धरते, पण पहिल्या काही आठवड्यांतच जिरते. म्हणून घोडा लागल्यावर पंधराव्या दिवशी सोनोग्राफी करून पेढे वाटू नका. तेव्हा जुळं असेल तर एक दाबून काढता येतं, एवढ्यासाठी ती हवीच. पण तिसाव्या आणि पंचेचाळिसाव्या दिवशी पुन्हा बघा. दोष नेहमी गर्भाशयाचा नसतो, बीजही म्हातारं झालेलं असतं.

विकत घेण्याआधी शेपूट उचलून मागून बघा. बऱ्याच विलेल्या घोडीची गुदाची जागा आत ओढली जाते, निरण (योनीचं बाहेरचं तोंड) आडवं पडतं, लीद थेट त्यावर घसरते आणि आत कायमचा जंतूसंसर्ग होतो. वरचा भाग टाके घालून शिवला की अशा कितीतरी ‘भाकड’ घोड्या गाभण राहतात. फक्त विण्याआधी टाके उघडायला विसरलात तर फाटतं. शंका असेल तर गर्भाशयाच्या अस्तराचा बारीक तुकडा काढून तपासून घ्या, त्यावरून घोडीची प्रत ठरते. शेवटच्या प्रतीत निघाली तर शिंगरू मिळण्याची शक्यता दहा टक्क्यांच्या आत. अशी घोडी फुकट मिळाली तरी महाग.

पंचकल्याणी
एवढं शास्त्र सांगताय, आणि भोवऱ्यांवर एक अक्षर नाही? डोळ्याखाली आसूढाळ, म्हणजे अशुभ भोवरा, असलेली घोडी घरात आणायची आणि मग वयाला दोष द्यायचा! आमच्या आजोबांनी देवमन हा शुभ भोवरा बघितल्याशिवाय दावं हातात घेतलं नाही.

घोडेडॉक्टर
भोवरा म्हणजे केसांची दिशा. गर्भाशयाशी त्याचा काडीचा संबंध नाही.

पंचकल्याणी
तुमचं शिक्षण तुमच्यापाशी. पिढ्यान्पिढ्या घोडे सांभाळणारी माणसं मूर्ख होती का?

मावळची ताई
मूर्ख नव्हती, पण या एका समजुतीपायी किती चांगल्या घोड्या कसायाच्या वाटेला गेल्या याचा हिशेब कुणी ठेवलाय का? माझ्याकडची कुमैत (तांबूस रंगाची) घोडी आसूढाळ म्हणूनच पडेल भावात मिळाली. सासरे तिच्या जवळ जायचे नाहीत. आज तेराव्या वर्षी ती पुन्हा गाभण आहे. मागच्या खेपेला सडांच्या टोकाला मेणासारखे मणी दिसले तशी मी गोठ्यातच अंथरूण टाकलं. पहाटे व्याली, वार तासाभरात पडली, शिंगरू उभं राहून स्वतःच कासेला लागलं. घरात कुणाचं काही वाईट झालेलं नाही. एका मुक्या जनावरावर केसांच्या गिरकीवरून कलंक लावू नका, हात जोडून सांगते.

पंचकल्याणी
ताई, तुम्ही पाळता ते ठीक. मी विकतो. गिऱ्हाईक पहिल्यांदा भोवरे बघतं आणि मग भाव बोलतं. उद्या त्या शिंगराच्या डोळ्याखालीही तोच निघाला तर सारंगखेड्यात त्याच्यापुढे कुणी थांबणार नाही.

मावळची ताई
म्हणजे अपशकुन नाही, बाजारभाव. मग तसं म्हणा. आजोबांना मध्ये कशाला आणता?

पंचकल्याणी
आजोबांचं नाव घ्यायचं काम नाही.

अकलूजकर
पंचकल्याणी भाऊ, शांत व्हा. ताईंचं मला पटतंय. भोवऱ्यावर घोडी नाकारू नये. पण डॉक्टर, एक सांगा. मोठ्या वंशाची म्हातारी घोडी असेल तर तिचं बीज दुसरीच्या पोटात वाढवता येतं म्हणतात. मग तिला विण्याचा धोका तरी कशाला?

घोडेडॉक्टर
येतं. बिकानेरच्या सरकारी अश्व केंद्रात २०२३च्या मे महिन्यात भ्रूण प्रत्यारोपणाने, म्हणजे एकीचा गर्भ दुसरीच्या पोटात वाढवून, मारवाडी जातीचं मादी शिंगरू झालं, राज-प्रथमा. पण ते केंद्राचं काम. गावातल्या माणसाच्या दारात ते अजून आलेलं नाही. शर्यतीच्या घोड्यांत तर ते चालतच नाही, तिथे घोडा घोडीला प्रत्यक्षच लागावा लागतो.

तापीकाठ
आता मूळ मुद्द्यावर या. अकलूजकर, मागच्या साली जिवंत शिंगरू दिलेली, निरण ठीक, तपासणीत चांगल्या प्रतीची, चौदा वर्षांची घोडी. तुम्ही नवख्याला नको म्हणाल का?

अकलूजकर
एवढं सगळं कागदावर असेल तर नाही म्हणणार नाही. पण अठराच्या पुढची नकोच, त्यावर मी हलणार नाही. शिवाय डिसेंबरात घेतलेली भाकड घोडी दिवस मोठे होईपर्यंत धड माजावर येत नाही आणि गाभ धरल्यावर पुढे अकरा महिने. तेवढा चारा घरचा असेल त्यानेच हा खेळ करावा. आणि अर्धे पैसे पंचेचाळिसाव्या दिवसाच्या सोनोग्राफीनंतर द्यावेत.

तापीकाठ
अठराच्या पुढची पहिल्यांदा घेणाऱ्याने घेऊ नये, मान्य. अर्ध्या पैशांची अट मात्र यात्रेत कुणी ऐकणार नाही. गावातल्या गावात, ओळखीच्या मालकाकडून घ्यायची असेल तरच ती चालते. आणि अशाच घोड्या तिथेच मिळतात, यात्रेत नाही.