बायबलमधलं स्तोत्र २२ हे इस्राएलच्या दावीद राजाचं दुःख की येशूबद्दलची भविष्यवाणी?

प्रश्न: गुड फ्रायडेला स्तोत्र २२ वाचतात ना, "माझ्या देवा, माझ्या देवा" वालं. पण त्यात तर कुणीतरी स्वतःचंच दुःख सांगतोय, पुढे असं असं होईल असं कुठेच म्हटलेलं नाही, मग भविष्यवाणी कशी काय?

उत्तर: शीर्षकात दाविदाचं नाव आहे त्यामुळे आधी ते त्याचंच धरायचं. पण १८ वं वचन बघ, कपडे कुणाला मिळणार म्हणून चिठ्ठ्या टाकतात ते, दाविदाच्या बाबतीत असं झाल्याचं शमुवेलात, म्हणजे बायबलमधल्या त्याच्या कथेच्या पुस्तकांत, कुठे दिसत नाही, आणि योहानाच्या शुभवर्तमानात (येशूच्या जीवनकथेत) १९:२४ मध्ये सैनिक येशूच्या कपड्यांबाबत नेमकं तेच करतात.

उत्तर: नुसती वचनं जुळवत बसू नका राव. येशूने वधस्तंभावर पहिली ओळ स्वतः म्हटली, मार्कच्या शुभवर्तमानात १५:३४, म्हणजे तो विलाप त्याने आपला केला. आणि २२ व्या वचनापासून सूरच बदलतो, स्तुती सुरू होते, शेवटी सगळी राष्ट्रं देवाकडे वळतात. आता एका राजाचा जीव वाचला म्हणून सगळं जग कशाला वळेल?

प्रश्नकर्ता: हे पटलं. पण यहुदी लोक असं वाचत नाहीत ना?

उत्तर: नाही. त्यांच्याकडे कोणी यात बायबलमधली यहुदी एस्तेर राणी बघतं, कोणी बंदिवासातलं अख्खं इस्राएल.