मदत हवी आहे: इंजिन ऑइल ०डब्ल्यू-१६ की ०डब्ल्यू-२०? मेकॅनिक म्हणतो ही पेज आहे

मंडळी नमस्कार, गाडी २०२२ ची, १.२ पेट्रोल, ३१ हजार किमी झालेत, कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही नाहीतर धागा भलतीकडेच जातो. आत्तापर्यंत सर्व्हिस शोरूमलाच व्हायची त्यामुळे आत कुठलं ऑइल ओततायत ते कधी बघितलंच नव्हतं. आता म्हटलं कुडाळातच ओळखीच्या मेकॅनिककडे करू, मॅन्युअल उघडलं तर त्यात ०डब्ल्यू-१६ पहिली पसंती आणि ते मिळालं नाही तर ०डब्ल्यू-२० चालेल असं लिहिलंय.

मेकॅनिक काकांना सांगितलं तर त्यांनी ऑइल मोजायची डिपस्टिक ओढली, जुन्या बनियनच्या फडक्याने पुसली, परत घालून काढली आणि टोकाचा थेंब बोटावर घेऊन माझ्या नाकासमोर धरला, "झिला, ह्यां ऑइल आसा की पेज? हय उष्मो किती! १०डब्ल्यू-४० घाल नि निवांत ऱ्हव." थेंब खरंच पाण्यासारखा ओघळला हो, मीपण जरा टरकलो.

वापर असा की रोज ऑफिस ४ किमी, तेवढंच परत, आणि महिन्यातून दोनदा फोंडा घाटाने कोल्हापूर, आंब्याच्या दिवसात डिकीत पेट्या आणि मागे तीन माणसं. बाजारात १६ कुठेच नाही, ऑनलाइन मागवावं लागेल, २० चा एक कॅन एका दुकानात आहे. काय करू?

प्रतिसाद, घाटमाथ्यावरचा:
१०डब्ल्यू-४० अजिबात नको, मॅन्युअलमध्ये नाहीये ना, विषय संपला. काका जुनी इंजिनं उघडत आलेत, तिथे त्यांचं बरोबरच असेल. आता डब्ल्यूच्या आधीचा आकडा म्हणजे थंडीचा, ०डब्ल्यूची टेस्ट उणे ३५ ला होते आणि ५डब्ल्यूची उणे ३० ला, कुडाळात त्याचं काय लोणचं घालायचंय? बघायचा तो मागचा, गरम ऑइलचा आकडा. १०० अंशाला १६ ची व्हिस्कॉसिटी, म्हणजे दाटपणा, ६.१ ते ८.२ आणि २० ची ६.९ ते ९.३, म्हणजे दोघांचे पट्टे एकमेकांत शिरलेले आहेत, ३० मात्र ९.३ च्या पुढे. खरा फरक १५० अंशाला, जोरात घुसळताना जी किमान जाडी राहायला हवी ती १६ ला २.३, २० ला २.६, ३० ला २.९. बोटावरचा थेंब यातलं काहीच सांगत नाही. आणि बाहेर उष्मा ३५ असो नाहीतर २५, गरम झालेल्या इंजिनाला थर्मोस्टॅट साधारण एकाच तापमानाला धरून ठेवतो.

तुझ्या जागी मी २० घेईन. कंपनीची परवानगी आहे आणि भरल्या गाडीने फोंडा चढताना ऑइलची थोडी जास्त जाड फिल्म मिळते. मायलेज किंचित कमी होईल, पण तुला ते मीटरवर कळणारसुद्धा नाही. कॅनवर एपीआय एसपी हा दर्जाचा शिक्का आहे ना तेवढं बघ.

मला घाटापेक्षा ते ४ किमी जास्त खुपतायत. ऑइल धड तापतच नाही, मग न जळलेलं पेट्रोल आणि पेट्रोल जळताना तयार होणारं पाणी आतच साचतं, ग्रेड कुठलीही असो ऑइल पातळ होत जातं. पावसाळ्यात ऑइल फिलरचं झाकण उघड, आत दुधाळ चिकटा दिसेल. तो सगळा झाकणालाच असेल तर घाबरू नको, डिपस्टिकवर दिसला तर मात्र कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) आत येतंय का ते तपासून घे. किमी झाले नाहीत म्हणून ऑइल दोन-दोन वर्षं ठेवू नको, वर्षाला बदल.

धागाकर्ता:
धन्यवाद दादा. झाकण आत्ताच उघडून बघितलं, कडेला पिवळट साय आहे, डिपस्टिक स्वच्छ. २० चा कॅन उचलला. काका म्हणाले, "घाल, पण कोल्हापुराक जावच्या आधी डिपस्टिक बघ हां."