आपल्या कामाबद्दल तुम्ही का लिहिता? अनुभव सांगा

कृष्णाकाठची सिस्टर

परवा माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली. भांड्यांच्या तळाशी माझी 2005 सालची दौरा डायरी निघाली. त्या महापुरात भिजलेली, मग उन्हात वाळवलेली, पानं एकमेकांना चिकटून पापडासारखी झालेली. एका पानावरचं तेवढं वाचता येतंय: "गरोदर माता 14. बीसीजी 6. गृहभेटी 22." आणि समासात पेन्सिलीनं, "तिला म्हटलं, रडू नको."

कुणाला म्हटलं? का रडत होती? काही केल्या आठवेना. दोन रात्री झोप नाही.

सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात 31 वर्षं एएनएम, म्हणजे गावोगाव फिरणारी सरकारी नर्स होते. सकाळी पीएचसीतून, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रातून, लसीचा डबा घ्यायचा, आत चार आईस पॅक, 2 ते 8 अंश सांभाळायचे, वस्तीवर चालत जायचं, संध्याकाळी उरलेली लस परत. मग रजिस्टरं. रात्री जेवण झाल्यावरसुद्धा रजिस्टरं. त्यात अख्खं गाव आहे, आणि एकाचंही तोंड दिसत नाही. बाकीच्या डायऱ्या 2019 ला गेल्या. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं होतं, आमच्या घरात माळ्याच्या खाली हातभर होतं. घर धुतलं, चिखल काढला आणि त्याच महिन्यात आठवेल तसं लिहायला बसले. समासातलं आधी लिहायचं, आकडे सरकारकडं आहेत.

तुम्हीही आपापल्या कामाचं लिहिता, ते कशासाठी? कुठलंही काम असू दे.

मुक्कामी

पाटणच्या खोऱ्यातली मुक्कामी गाडी. एसटीतल्या माणसाला एवढं पुरतं.

रात्री साडेनऊला शेवटच्या गावात पोचायचो. देवळात मी आणि ड्रायव्हर. एक म्हातारी रोज भाकरी आणि कालवण पाठवायची, कधी पैसे घेतले नाहीत. तिचा पोरगा मुंबईला माथाडी. पत्र आलं की उशाशी ठेवून माझी वाट बघायची, कारण वाचून दाखवायला मीच. एकदा पत्रात वाईट बातमी होती. मी आधी मनात वाचलं आणि तिला सांगितलं, अक्षर लागत नाही, सकाळी उजेडात बघू. रात्रभर जागा. सकाळी सहाच्या आत गाडी काढायची असते. काढली नाही. तिच्या शेजारच्या सुनेला बोलावून आणलं, मग वाचलं. गाडी चाळीस मिनिटं उशिरा सुटली, मला मेमो मिळाला. कारणाच्या रकान्यात "तांत्रिक" लिहिलं.

ते खरं कारण कुठंतरी लिहिलेलं असावं म्हणून लिहितो. आता ती मुक्कामी बंद आहे.

विट्याची लेक

मुक्कामी दादा 🙏 डोळ्यात पाणी आलं, पोळी करपली.

मी कोइमतूरला. मालकांचं गलाईचं दुकान. खानापूर, आटपाडीकडची माणसं भारतभर कुठंही जा, सोनं गाळताना भेटतीलच. गावाला गेलं की सगळे म्हणतात, तुमचं काय बाबा, सोन्यात लोळता. सोनं लोकांचं असतं हो. आमचं काय, तर भट्टी, मूस आणि तेजाबाचा धूर. सासऱ्यांचा खोकला त्यातच गेला, म्हणजे ते गेले तेव्हाच थांबला. सराफाच्या दुकानातली झाडलोटसुद्धा विकत घेऊन, जाळून, धुऊन त्यातला कण काढायचा. आमच्या घरात केर कुणी पटकन टाकत नाही, माहेरी गेले तरी माझा हात थबकतो. हे सगळं लिहिते ते गावाकडच्यांसाठी. पाहुण्यांनी एकदा वाचावं. दिवाळीला जत्रेला येतो तेव्हा आम्ही नटलेलो असतो ना, तेवढंच बघितलेलं असतं त्यांनी.

बाकी दुपारी लिहिते, पोरं आली.

हरिपूरकर

पोरानं शाळेतनं येऊन विचारलं, बाबा "पेव फुटणे" म्हणजे काय. पुस्तकात अर्थ दिलाय, एकदम पुष्कळ होणे. म्हटलं चल, दाखवतो. गेलो तर दाखवायला काय, बुजलेला खड्डा आणि त्यावर गवत.

आमच्या हरिपुरात हळदीची पेवं होती. वीस-पंचवीस फूट खोल, तोंड अरुंद, आत ऐसपैस. इथली माती अशी की हळद वर्षानुवर्षं राहायची, कीड नाही. आजोबा पेवात उतरायचे. तोंड उघडलं की लगेच उतरायचं नाही. आतली हवा मारते. बराच वेळ उघडं ठेवायचं, कंदील सोडून बघायचा, विझला तर परत थांबायचं. 2005 च्या पुरात पाणी शिरलं आणि बहुतेक पेवं संपली. 2018 ला सांगलीच्या हळदीला जीआय, म्हणजे त्या भागाचीच म्हणून ओळख देणारं सरकारी मानांकन, मिळालं, पेपरात वाचून मला पहिले आजोबा आठवले. पिवळे व्हायचे ते. घाम पण पिवळा.

पोरासाठी लिहितोय. त्याला अर्थ आधी कळला, पेव बघायला मिळालं नाही.

सावळजकर

आभाळ आलंय. बेदाणा रॅकवर आहे, कागद सोडायला चाललोय. नंतर लिहितो.

दोन लेकरांची आई

हरिपूरकर, घरच्यासाठी हळद राजापुरी घ्यावी का सेलम? आमच्या सासूबाई राजापुरीच म्हणतात.

हरिपूरकर

सासूबाईंचं ऐका. आख्खी कांडी घेऊन गिरणीतनं दळून आणा, तयार पूड नको.

दोन लेकरांची आई

बरं. आणि सिस्टर मावशी, विषय नाही पण विचारते. धाकट्याला जन्मल्यावर क्षयाची बीसीजी लस दिली, आता महिन्याभरानं डाव्या दंडावर गाठ येऊन पाणी धरलंय. शेजारीण म्हणते हळद लावा.

कृष्णाकाठची सिस्टर

बाळा, घाबरू नको. ती लस अशीच उमटते. गाठ येते, फुटते, आपोआप सुकते, वण राहतो. हळद नाही, मलम नाही, शेक नाही, दाबायचं नाही. अंघोळ नेहमीसारखी. काखेत मोठी गाठ लागली किंवा ताप आला तर मात्र पीएचसीत दाखव. आणि विषय नाही असं नाही गं, हाच विषय आहे. हे मी दारोदार किती वेळा सांगितलं असेल.

तंबोरा

मिरज. आमचं चार पिढ्यांचं दुकान.

भोपळा कसा वाळवायचा, टूणचं लाकूड कसं निवडायचं, हे पोरं शिकतात. जवारी, म्हणजे तारेचा गुंजता आवाज जुळवणं, शिकवता येत नाही. घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा, माथा घासत जायचा, तार लावायची, ऐकायचं, परत घासायचं. एक हात जास्त पडला की आवाज मेला, घोडी पहिल्यापासनं करावी लागते. वडील बोलायचे नाहीत. नुसते माझा हात धरून थांबवायचे. का थांबवलं ते मला वीस वर्षांनी कळलं. ते गेल्यावर लक्षात आलं, आता हात धरणारं कुणी नाही. माझा पुतण्या बसतो दुकानात, त्याच्यासाठी लिहितो. कुठल्या तंबोऱ्याला कुठं थांबलो, तारेखालचा दोरा कुठं बसला, खर्ज कधी बोलला. वाचून हात येत नाही हे मलाही माहीत आहे. तरी लिहितो. 2024 ला मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय मिळालं, आनंद आहेच, पण कागद तार जुळवत नाही. माणूस लागतो.

विट्याची लेक

तंबोरा काका, मिरजेत कुठं? माझं आजोळ मिरज. लहानपणी उरूसाला दर्ग्यात रात्रभर गाणं ऐकलंय, आजीच्या मांडीवर झोपून.

तंबोरा

सतारमेकर गल्ली. कधीही ये, पोरी. चहा घेऊ.

मुक्कामी

सिस्टर, त्या पेन्सिलीतल्या बाईचं काही लागलं का?

कृष्णाकाठची सिस्टर

नाही हो दादा. पण काल एक केलं. डोळे मिटून मनातल्या मनात उपकेंद्रापासनं चालत निघाले. पहिली पिठाची गिरणी, मग कुंभारवाडा, मग ओढा, मळ्याची वाट. दारं आठवली की माणसं येतात. 14 गरोदर मातांपैकी 9 आठवल्या. नावं नाही आठवली सगळ्यांची, दारं आठवली. एकीच्या दारात म्हैस मारकी होती, लांबनंच हाक मारायचे.

सावळजकर

आलो. चार थेंब पडले, सोडलेला कागद फाटला पण माल वाचला. द्राक्षं वाळत घालण्याआधी बुडवतात त्या डिपिंगच्या तेलानं हात अजून चिकट आहेत, त्यामुळं थोडक्यात. चार किलो द्राक्षाचा एक किलो बेदाणा होतो. तीन किलो पाणी उडून जायची वाट बघत पंधरा दिवस आभाळाकडं बघायचं, हेच आमचं काम. लिहितो कारण त्या पंधरा दिवसांत रात्री झोप येत नाही.

दोन लेकरांची आई

सिस्टर मावशी, हळद नाही लावली. शेजारणीलाही तुमचं वाचून दाखवलं.

कृष्णाकाठची सिस्टर

शहाणी गं.

दहावी आठवली. ओढ्याच्या पलीकडं, दारात शेवगा. पण ती रडणारी नव्हे, ती हसायची.