बोगस हा शब्द आला कुठून?

बियाणं उगवलं नाही की बोगस, मतदारयादीत मेलेल्याचं नाव निघालं की बोगस, पोरांना पिक्चर आवडला नाही तरी बोगसच. मला इतकी वर्षं हा आपलाच शब्द वाटायचा, भोंगळचा चुलतभाऊ. कुठनं आलाय?

शब्दकिडा: अमेरिकेतनं. १८२७ च्या सुमारास ओहायोत खोटी नाणी पाडायच्या यंत्राला बोगस म्हणायचे, मग कुठल्याही खोट्या गोष्टीलाच म्हणायला लागले.

चहाबाज: पण पिक्चर खोटा थोडीच असतो? तिथं सरळ भिकार असा अर्थ आहे.

बांधावरचा: गेल्या जूनमध्ये सोयाबीन पेरलं, आठ दिवसांनी तास उकरून बघितला तर दाणे कुजलेले, आणि पिशवीवरचं लेबल मात्र एकदम ओरिजिनल, म्हणजे तुमच्या त्या नाण्यासारखंच की. दुबार पेरणी केली मग.