आफ्रिकेतल्यांनीच विकलं, मग युरोपच्या नावाने खडे कशाला?

सडेतोड: परत तेच, गुलामांच्या व्यापाराची नुकसानभरपाई द्या म्हणे. पश्चिम आफ्रिकेतल्या दाहोमे राज्याच्या राजांनी माणसं धरून किनाऱ्यावर आणून विकली, गोऱ्यांनी फक्त विकत घेतली. आणि १८०७ ला बंदी घातली तीही इंग्रजांनीच. किती दिवस उगाळायचं?

निळी_शाई: "फक्त विकत घेतली" वाचलं आणि चहा तसाच राहिला. बावीस वर्षं मरीन इन्शुरन्सच्या क्लेम खात्यात काढलीत म्हणून सांगते. झाँग नावाचं इंग्रजांचं गुलामवाहू जहाज, १७८१, पश्चिम आफ्रिकेतल्या अक्राहून ४४२ माणसं कोंबून निघालं. वाटेत रोगराई, त्यात जिथे जायचं ते जमैका बेटच चुकून मागे पडलं. आता नियम असा की माणूस आजाराने मेला तर मालकाचं नुकसान, पण जहाज वाचवायला "माल" समुद्रात टाकला तर विमा मिळतो. मग पाणी संपत आलंय असं सांगून सव्वाशेच्या वर जिवंत माणसं ढकलली, एकदम नाही, काही दिवसांत, खेपा करून. क्लेम माणशी ३० पौंड. मधे पाऊसही पडला, आणि बंदराला लागले तेव्हा ४२० गॅलन पाणी शिल्लक होतं! १७८३ ला लंडनात केस चालली ती विम्याची, खुनाची नव्हे, आणि ज्युरीने कौल मालकांना दिला. पुढे फेरसुनावणीचा हुकूम निघाला, पण खुनासाठी कोणालाच उभं केलं नाही. आम्ही आंब्याच्या पेट्या भिजल्या तरी सर्व्हे रिपोर्ट मागायचो हो. हेही दाहोमेच्या राजाने केलं का?

सडेतोड: एका जहाजावरून सगळा युरोप फासावर? आणि ताई, क्लेम नाकारण्यात आयुष्य गेलेल्यांनी न्याय शिकवू नये.

निळी_शाई: माझ्या नोकरीवर जाऊ नका. सगळ्या गुलाम जहाजांवर मिळून सव्वा कोटी माणसं चढवली, त्यातली अठरा लाख अटलांटिकपलीकडे उतरलीच नाहीत. एकच जहाज?

वसईवाला: सगळे इंग्रजांवरच घसरतात, पोर्तुगीजांचं नाव कोणी घेत नाही. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा एल्मिनाचा किल्ला त्यांनी १४८२ ला बांधला. एकट्या ब्राझीलला अठ्ठेचाळीस लाखांच्या आसपास गेले, तिथे गुलामगिरी गेली १८८८ ला. गोव्यातही मोझांबिकहून माणसं आणून घरकामाला ठेवायचे. आणि आमच्या वसई किल्ल्यात आता प्रीवेडिंगवाले ड्रोन उडवतात, त्यावर लिहा कोणीतरी.

पारावरचा: पोर्तुगीज राहू दे, आपलं बघा. पश्चिम आफ्रिकेत माणूस घ्यायचा तर कवड्या चालायच्या, त्या मालदीवच्या, आणि कापड चालायचं ते गुजरातचं, कोरोमंडलचं. आपण कवडीमोल म्हणतो, तिथे कवड्यांत खरंच माणसं मोजून दिली.

सडेतोड: घ्या! आता आपला विणकर पण गुन्हेगार.

पारावरचा: विणकर कोण म्हणालं? कापड उचलणाऱ्या कंपन्यांना पक्कं ठाऊक होतं ते कुठे जाणार. माझे आजोबा मागावर बसायचे, आयुष्यभर दलालाच्या कर्जात. गठ्ठा गाडीवर चढला की पुढचं काही कळायचं नाही.

सडेतोड: म्हणजे विकणारा आफ्रिकी राजा पण दलालच ना? हेच तर म्हणतोय मी.

पारावरचा: राजे दोषीच आहेत, नाही कोण म्हणतंय? पण जहाज, विमा, उसाचा मळा, साखरेचा नफा, हे राजाचं नव्हतं. एक कडी धरून अख्खी साखळी लपवू नका.

बोटीवरचा: "इंग्रजांनी बंद केलं" वर मी पण. गुलामगिरी बंद करणाऱ्या १८३३ च्या इंग्रजी कायद्यात २ कोटी पौंड दिले, मालकांना! गुलामांना छदाम नाही, उलट आणखी काही वर्षं त्याच मळ्यावर बिनपगारी राबा. त्यासाठी सरकारने काढलेलं कर्ज २०१५ पर्यंत फिटत होतं. आणि रिकाम्या मळ्यांवर गिरमिटिये, म्हणजे करारावरचे मजूर, नेले, त्यात आपली रत्नागिरीकडची पण. मॉरिशसच्या पोर्ट लुईला माझी बोट लागली तेव्हा एका आजोबांनी माझ्याशी मराठीत बोलायला सुरुवात केली, चार वाक्यं झाली आणि शब्द संपले त्यांचे. हात मात्र सोडेनात.

सडेतोड: बरं, झाँगचं आणि दोन कोटींचं मान्य. टाळ्या वाजवा. कवड्यांचं मान्य नाही.

पारावरचा: आजीच्या सारीपाटाच्या कवड्या आहेत घरी, आणून दाखवू?

वसईवाला: माझ्या पोर्तुगीजांवर एकानेही उत्तर दिलेलं नाही, हे बघतोय मी.