कूलरचा जुना थर्मोस्टॅट काढून डिजिटल लावायचा आहे

प्रश्न: पत्र्याच्या कूलरचा गोल नॉबवाला थर्मोस्टॅट अडकतो. पहाटे गारठलो तरी पंखा बंद होत नाही. २२० व्होल्टचा एसटीसी-१००० हा डिजिटल थर्मोस्टॅट आणला. आकडे दिसतात, पण मोटर फिरत नाही. वायर कुठं चुकली?

उत्तर १: भाऊ, त्याच्या आउटपुटवर करंट येतच नाही, तो नुसता स्विच आहे. मेन बंद करा. १ नंबरच्या टर्मिनलवर फेज, २ वर न्यूट्रल, ३-४ वर सेन्सर. मग १ वरून वायरचा तुकडा ७ वर आणा, ८ वरून मोटरला फेज द्या. मोटरचं न्यूट्रल सरळ. ५-६ हीटिंगचे, रिकामे ठेवा. सेटिंगमध्ये एफ१ (हवं ते तापमान) ला २८ अंश, एफ२ (चालू-बंदमधला फरक) ला २. एफ३ कॉम्प्रेसरसाठीचा उशीर आहे, १ मिनिटावर आणा. नाहीतर मोटर उशिरा लागते अन् लोक चांगला डबा परत करतात.

उत्तर २: सेन्सर झोतात नको, समोरच्या भिंतीवर खाटेच्या उंचीला लावा. डबा कूलरच्या अंगावर बसवू नका, वाळ्याच्या ताटीची ओल रिलेत (आतल्या स्विचमध्ये) शिरते. रिलेवरचे १० अँपिअर हीटरसारख्या लोडचे. मोटरला निम्मेच धरा. पत्र्याला अर्थिंग पाहिजेच.

उत्तर ३: यात घड्याळ नाही. रात्री २ ला बंद हवं तर एसटीसीच्या आधी लाईनवर बॅटरीवाला डिजिटल टाइम स्विच जोडा. साधा फिरत्या चकतीचा नको, लाईन जाते तेवढा तो मागे पडतो. एसटीसीची सेटिंग मात्र तशीच राहते.